बारा हजारांच्या वस्तीतली नर्स

आचल वानखडे आमच्याकडे खोली बघायला आली तेव्हा अम्मीला म्हणाली होती, "चाची, दिवाळीपर्यंतच हाय मी. मंग अमरावतीले बदली होते माही." दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न आहे म्हणून अम्मीनं तिला जिन्याजवळची मोठी खोली न दाखवता गच्चीवरची पत्र्याची खोली दिली. त्या पत्र्याखाली तिनं अकोल्याचे चार उन्हाळे काढले. मधल्या काळात खालची मोठी खोली दोनदा रिकामी झाली, अम्मीनं दोन्ही वेळा तिला विचारलं, आणि दोन्ही वेळा ती म्हणाली, आता कशाला सामान हलवायचं, जायचंच तर आहे.

मी गजाला. उर्दू शाळेत मराठी शिकवते. माझे अब्बा, अब्दुल गफ्फार, कापूस पिंजून गाद्या भरतात. खाली त्यांचं दुकान, वर आम्ही तिघं, आणि गच्चीवर आचल. आमची वस्ती सराईपुरा. जुन्या शहराचा हा तुकडा कापूस बाजाराच्या अंगाला येतो. मी लहान असताना इथं संध्याकाळी रस्त्यावर खाटा पडायच्या आणि सायकल चालवायला जागा नसायची. मग बाजार वाढत वाढत आमच्या गल्लीत शिरला. चांगला भाव आला की लोक घर विकायचे आणि बायपासपलीकडच्या नव्या लेआउटमध्ये प्लॉट घ्यायचे. घरांच्या भिंती पाडून आत सरकीच्या ढेपेची, खताची, प्लास्टिकच्या खुर्च्यांची गोदामं झाली. आता आमच्या गल्लीत रात्री सहा घरांत दिवा लागतो. बाकी शटर.

आचल या वस्तीची नर्स होती. शहराच्या एका आरोग्य केंद्रात कंत्राटावर. माहेर चांदूर रेल्वेचं, सासर अमरावतीचं. नवरा किशोर तिथं एका कापड दुकानात हिशेब बघायचा, आणि मुलगी रेवा आजीजवळ राहायची. शनिवारी दुपारी आचल गाडीनं बडनेऱ्याला जायची, तिथून ऑटोनं घरी, आणि रविवारी संध्याकाळी परत. बुटकी, चालायला तरतरीत, खांद्याला लसीचा निळा डबा. स्वभाव मात्र तापट होता. बाळाची तारीख चुकवली तर बाईला दारातच झापायची, आणि मग वाईट वाटून दुसऱ्या दिवशी त्याच दारात जाऊन चहा मागायची. गुरुवारी उपास करायची, आणि त्या दिवशी अम्मी मुद्दाम साबुदाण्याची खिचडी करायची, जी अम्मीला अजूनही नीट जमत नाही.

तिची बदली कशात अडकली होती ते मला पहिलं वर्षभर कळलंच नाही. मला वाटायचं, सरकारी कारभार आहे, फाईल पडून असेल. पण एका सोमवारी ती केंद्राच्या महिन्याच्या मीटिंगहून आली ती सरळ गच्चीवर गेली आणि जेवायला खाली आलीच नाही. मी ताट घेऊन वर गेले. ती पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती. म्हणाली, "गजाला, तू मास्तरीण हायेस, मले एक सांग. जे लेकरू जन्मलंच नाई, त्याले सुई कशी देऊ?"

मग तिनं मला सगळं समजावून सांगितलं. वस्तीतल्या किती टक्के बाळांना लस मिळाली, हे दर महिन्याला भिंतीवरच्या पडद्यावर दाखवतात. ऐंशी टक्क्यांच्या खाली असलेल्या नर्सेसची नावं लाल रंगात येतात, आणि लाल नावाच्या माणसाचा बदलीचा अर्ज पुढे जात नाही. टक्के काढायचे तर दोन आकडे लागतात. वरचा आकडा म्हणजे सुई दिलेली मुलं. तो तिच्या हातातला. खालचा आकडा म्हणजे वस्तीत एकूण किती मुलं जन्मली. हा कोणी दारोदार जाऊन मोजलेला नसतो, तो काढलेला असतो. मागच्या जनगणनेत सराईपुऱ्यात दहा हजार माणसं होती. शहर दर वर्षी शेकडा दीडनं वाढतं, म्हणून सराईपुराही तेवढाच वाढला असं धरायचं. असे चौदा वर्षांचे दीड-दीड चढवले की बारा हजारांच्या वर जातात. हजार माणसांमागे वर्षाला पंधरा मुलं जन्मतात असं धरलं की झाली एकशे पंच्याऐंशी मुलं. आचलला वस्तीत वर्षभरात सापडायची नव्वद-ब्याण्णव.

"म्हणजे अर्धी," मी म्हणाले.

"म्हणजे सगळी," ती म्हणाली.

शेजारचा भाग सीमाकडे होता. सीमा म्हणजे बायपासपलीकडच्या लेआउटची नर्स. तिच्याकडे गणित उलटं पडलं होतं. मागच्या जनगणनेच्या वेळी तिकडे निम्मी शेतं होती, त्यामुळे तिचा खालचा आकडा लहान, आणि मुलं भरपूर. तिचे टक्के एकशे चाळीसच्या पुढे गेले होते. शंभर मुलांतल्या एकशे चाळिसांना सुई कशी काय देता, हे तिला कोणी विचारलं नाही. तिला गुलाबाचं फूल आणि प्रमाणपत्र मिळालं. सीमा काही वाईट बाई नव्हती. फूल हातात घेताना आचलकडे तिला बघवलं नाही, असं आचलच सांगायची. शेवटी सीमाच्या यादीतली मुलं म्हणजे आमच्याच सराईपुऱ्यातून उठून गेलेल्या घरांची नातवंडं होती.

पण मीटिंगमध्ये प्रश्न आचलला विचारला जायचा: उरलेली मुलं कुठे आहेत? आणि ती शोधत राहायची. दुपारी उन्हात गोदामांच्या मधल्या बोळांतून फिरायची. नव्यानं लग्न झालेल्या मुलींना दिवस गेलेत का म्हणून महिन्यातून दोनदा विचारायची, तेव्हा त्यांच्या सासवा चिडायच्या. एकदा एका दोरीवर इवलीशी झबली वाळत घातलेली दिसली म्हणून ती तीन मजले चढून गेली. ते बाळ बाळापूरहून चार दिवसांसाठी आजोळी आलेलं निघालं. परत आल्यावर ती अम्मीजवळ बसली आणि म्हणाली, चाची, मले आता कोणाच्या घरची झबली पाहिली की चोर असल्यासारखं वाटते.

रेवा पहिलीत गेली त्या वर्षी आचलनं ठरवलं की वस्ती नव्यानं मोजायची. केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी डॉ. हर्षा यांनी परवानगी दिली. काम आपल्या वेळात करा, एवढंच म्हणाल्या. मोजणीचे कागद घेऊन आचल एकटी गेली तर काही घरं दार उघडायची नाहीत, म्हणून शाळा सुटली की मी बरोबर जायला लागले.

माणसं मोजणं इतकं अवघड असेल असं मला वाटलं नव्हतं. आधी घर म्हणजे काय ते ठरवायचं. गोदामाच्या पोटमाळ्यावर झोपणारा चौकीदार घरात राहतो की गोदामात? मग कुटुंब म्हणजे काय. नियमानं कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. रक्ताचं नातं असो नसो. खाटीकगल्लीत दोन भाऊ एकाच छताखाली राहत होते. मोठ्याच्या बायकोनं सांगितलं चूल एक, धाकटीनं सांगितलं दोन. आत जाऊन बघितलं तर सिलिंडर एक आणि तवे दोन. आधी एक बाई पोळ्या करून घ्यायची, मग दुसरी. आचल उंबऱ्यावर बराच वेळ विचार करत उभी राहिली आणि तिनं दोन कुटुंबं लिहिली. मोठी जाऊ आमच्याशी पुन्हा बोलली नाही.

आणि सगळ्यात कठीण म्हणजे माणूस कुठला ते ठरवणं. मागच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त जिथं राहिला, तिथला. जानराव नावाचे एक म्हातारे पूर्वी तेलाच्या गिरणीत होते. त्यांनी तीन माणसं सांगितली: मी, मुलगा, सून. मुलगा पुण्याला आठ वर्षांपासून आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. आचलनं हळूच विचारलं. ते म्हणाले, "रेशनकार्डावर नाव हाय त्याचं. मंग घरातच हाय ना तो?"

"हाय बाबा. पण मोजायचं तं जिथं राहते तिथंच."

"म्हणजे मी एकटाच?"

"मोजण्यापुरते," आचल म्हणाली.

जानरावांनी आमच्यासाठी चहा ठेवला, तो आम्हाला प्यावा लागला, आणि तो संपेपर्यंत त्यांनी मुलाच्या सोसायटीतल्या लिफ्टबद्दल सांगितलं.

आमचं घर तिनं शेवटी ठेवलं होतं. अब्बा, अम्मी, मी. तीन माणसं, एक चूल. लिहून झालं आणि ती उठायला लागली. मी विचारलं, "आणि वर?"

"वर कोणी नाई."

"तू आहेस ना."

"मी अमरावतीची हाय."

मी गंमत करत होते. महिनाभर तिच्यामागे फिरून मलाही नियम पाठ झाले होते, म्हणून मी तो तिला म्हणून दाखवला. सहा महिन्यांहून जास्त जिथं राहिला, तिथला. ती म्हणाली, "मले माहीत हाय. मीच तं साऱ्यायले सांगून राहिली." मग पुन्हा बसली. वरच्या खोलीत वेगळी चूल होती, म्हणजे वेगळं कुटुंब. कुटुंबप्रमुख, आचल किशोर वानखडे. लग्न झालेलं. कुटुंबातली माणसं, एक. लिहून झाल्यावर तिनं पेन मिटलं नाही, तसंच धरून बसली. अब्बा उठून दुकानात गेले. अम्मीला काय झालं ते नीट कळलं नाही, पण तिनं आचलच्या पाठीवर हात ठेवला.

अमरावतीत सासूनं तिथं घरोघर नोंदी घेणाऱ्या आशाताईला सून म्हणून तिचं नाव सांगितलेलं होतंच. म्हणजे ती दोन वस्त्यांत मोजली गेली होती. नियमानं तिकडचं नाव काढायला हवं होतं. ती म्हणाली, "तिथून मले काढा, हे मी कोणाले सांगू?" तिनं ते सांगितलं नाही. सगळ्या मोजणीत तिनं जाणूनबुजून ठेवलेली चूक ही एवढीच.

वस्तीच्या टोकाला एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना आहे. उंच भिंत आणि पत्र्याचं मोठं फाटक. आत यंत्रं आणि कापसाचे ढीग असतात एवढंच आम्हाला माहीत. आत कोणी राहत नाही असं चौकीदारानं सांगितलं. पण त्याच वेळी आतून लहान मुलाच्या रडण्याचा आवाज आला. आचलनं त्याच्याकडे फक्त बघितलं, आणि त्यानं फाटकातलं लहान दार उघडलं.

मागच्या भिंतीला टेकून पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. मेळघाटातली, धारणीकडची कोरकू आदिवासी कुटुंबं. दसऱ्यानंतर कापसाच्या हंगामाला यायची आणि होळीला गावी परतायची. दहा-बारा लहान मुलं होती, अंगावर कापसाचे तंतू चिकटलेली. फुलवंती नावाच्या एका बाईची दीड वर्षाची मुलगी गोधडीत पडली होती. डोळे लाल आणि कानामागून उतरत आलेलं पुरळ. आचलनं तिला उजेडाकडे वळवलं आणि तिचा चेहरा बदलला. गोवर होता. शेजारच्या खोलीतल्या पोरालाही ताप होता.

त्या संध्याकाळी ती दोन्ही मुलांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. मी फुलवंतीबरोबर होते. वाटेत आचल तेच तेच म्हणत होती, "मी रोज ह्याच भिंतीजवळून जाते." वस्तीभर ती नसलेली मुलं शोधत होती आणि ही भिंतीपलीकडे होती. मुलं आठ-दहा दिवसांत बरी झाली. फुलवंतीच्या मुलीचं वजन मात्र खूप उतरलं. डॉ. हर्षांनी स्वतः जिनिंगच्या मालकाशी बोलून आवारात लसीकरण ठेवलं. मालक आधी कुरकुरला, मग त्यानंच मंडप टाकून दिला.

मला वाटलं, चला, आता आचलचा आकडा थोडा वर जाईल. तसं काही झालं नाही. दसरा ते होळी म्हणजे पाच महिने. ही माणसं सराईपुऱ्याची नव्हेत. त्यांच्या सुया "बाहेरचे लाभार्थी" म्हणून वेगळ्या लिहिल्या गेल्या. आचलनं धारणीकडच्या नर्सला फोन केला, तेव्हा ती म्हणाली की त्या घरांना कुलपं आहेत, आम्ही "बाहेरगावी" लिहिलंय. मी आचलला विचारलं, मग ही मुलं मोजायची कोणी? ती म्हणाली, होळीपर्यंत तं मी पायते त्यायच्याकडे, मंग पुढचं पुढं.

मोजणी पुरी झाली. सराईपुऱ्यात सहा हजारांवर थोडी माणसं राहत होती. बारा हजार नव्हे. त्या सहा हजारांना पंधराचा दर लावला की नव्वद-पंच्याण्णव मुलं येतात, आणि तेवढ्यांना तिनं सुई दिलेलीच होती. म्हणजे तिचं काम शंभराच्या जवळ होतं. त्या रात्री ती आमच्याबरोबर जेवली आणि तिनं किशोरला फोन करून सांगितलं की रेवाची शाळा बदलून तिला इकडे आणायचं राहू द्या, मीच जूनमध्ये येते.

तिनं अहवाल दिला, आणि चार दिवसांनी डॉ. हर्षांनी तिला बोलावलं. त्यांच्या खोलीत आकडेवारीचं काम बघणारा अनुपही होता. हे सगळं तिनं नंतर मला जसंच्या तसं सांगितलं. अहवालात चूक सापडली नाही, असं अनुप आधीच म्हणाला. मग डॉक्टरबाईंनी तिला खुर्ची दिली. त्या म्हणाल्या, "आचल, दहा हजार लोकांमागे एक नर्स असा नियम आहे. मी हा आकडा वर पाठवला तर तुझे टक्के सत्त्याण्णव होतील. आणि तुझी जागा राहणार नाही. सराईपुरा सीमाच्या भागात जोडतील आणि मार्चमध्ये तुझं कंत्राट संपेल."

आचल म्हणाली की सीमाच्या भागात माणसं वाढली आहेत, तिथं दुसरी नर्स लागेल, मला तिथं द्या.

उत्तर अनुपनं दिलं. "ताई, कमी झालेला आकडा लगेच मान्य होते. वाढलेल्याले मंजुरी लागते. ती नवी जनगणना येईपर्यंत मिळत नाई."

"मंग जनगणना कधी येते?"

"होईन आता. पण वस्तीवार आकडे हाती यायले त्यानंतरही वेळ जाते."

डॉक्टरबाई म्हणाल्या की अहवाल त्या फाडणार नाहीत, खोटाही म्हणणार नाहीत. पाठवायचा की नाही ते आचलनं सांगावं. आचलला खिडकीतून दवाखान्याची रांग दिसत होती, त्यातली निम्मी माणसं तिला नावानं माहीत होती. जुना आकडा राहिला तर ती अमरावतीला जाऊ शकत नव्हती, आणि खरा आकडा गेला तर तिला नोकरीच उरत नव्हती. किशोरच्या पगारात सासूची औषधं आणि भाडं एवढंच निघायचं. शेवटी ती म्हणाली, "राहू द्या मॅडम," आणि बाहेर आली. अहवाल डॉक्टरबाईंच्या कपाटात गेला. तो अजून तिथं असावा.

त्यानंतर महिनाभर ती शनिवारी घरी जायची, पण सोमवारी डोळे सुजलेले असायचे. रेवा आता तिला स्टेशनवर सोडायला यायची नाही म्हणे. आजीजवळ बसून टीव्ही बघायची आणि "हो, जा" म्हणायची. रडणारी मुलगी सोडून येणं सोपं होतं, असं आचल म्हणाली.

मग एका दुपारी सीमा आमच्याकडे आली. गच्चीवर बसली, अम्मीनं दिलेलं सरबत प्याली, आणि म्हणाली, "आचल, माझ्याकडच्या साठेक लेकरायचे पत्ते अजून सराईपुऱ्याचेच हायेत. आधारावरही तोच पत्ता हाय. मी त्यायले तुह्याकडे लिहिते. माहे टक्के शंभरावर येतीन, उद्या कोणी इचारलं तं सांगता येईन, तुहे ऐंशीच्या वर जातीन. दोघींचंही भागते."

आचलनं विचारलं, "पण राहतात कुठं ते?"

"राहतात माझ्याकडे. पण सुई तं त्यायले मिळतेच ना. कोणतं लेकरू सुटून राहिलं?"

सीमा गेल्यावर आचलनं मला विचारलं. मी म्हटलं, यात कोणाचं नुकसान आहे? ती म्हणाली, "कोणाचंच नाई. हेच तं खटकून राहिलं मले." ती पुष्कळ दिवस अडली. साऱ्या वस्तीला जो नियम तिनं दारोदार जाऊन सांगितला, जानरावांच्या मुलाला ज्या नियमानं घरातून वगळलं, तोच आता स्वतःसाठी बाजूला ठेवायचा होता. पण रेवाचा वाढदिवस बुधवारी आला. तिला रजा मिळाली नाही. फोनवर केक कापलेला बघितला, आणि गुरुवारी सकाळी उपासाचा नेम मोडून चहा पोळी खाल्ली, तेव्हाच मला कळलं की हिनं ठरवलंय. त्या दिवशी तिनं सीमाला होकार दिला.

वर्ष संपता संपता तिचं नाव लाल रंगातून बाहेर पडलं. ब्याऐंशी टक्के. तिलाही फूल मिळालं, ते तिनं अम्मीला आणून दिलं. बदलीचा अर्ज या वेळी पुढे गेला.

उत्तर दोन महिन्यांनी आलं. अमरावतीत जागा रिकामी नव्हती. तिथंही लोकसंख्येच्या जुन्याच आकड्यावर पदं ठरलेली होती, आणि ती भरलेली होती. त्याच पत्रात खाली आणखी एक आदेश होता. कमी मनुष्यबळात चांगली सुधारणा दाखवल्याबद्दल, बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या आणखी एका नर्सच्या भागाचाही कार्यभार आचलकडे देण्यात आला होता. डॉ. हर्षा तिला म्हणाल्या की चांगल्या माणसाला सोडायला कोणी तयार होत नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. आचलला हसू आलं. मोठ्यानं हसली म्हणे, आणि डॉक्टरबाई घाबरल्या.

त्या जूनमध्ये किशोर रेवाला घेऊन अकोल्याला आला. सासू यायला तयार नव्हती, तिचा सगळा गोतावळा अमरावतीत. एक पेटी, एक लहान सायकल आणि शाळेचं दप्तर. अम्मीनं आता विचारलंच नाही. जिन्याजवळची रिकामी खोली पुसून घेतली आणि आचलचं सामान अब्बांच्या माणसाकडून खाली आणवलं. आचल दारात उभी राहून बघत राहिली. खोलीत तीन खिडक्या आहेत, वारा चांगला येतो. पण किशोर रात्रीच्या गाडीनं परत गेला तेव्हा ती मला म्हणाली, "आता झालं गजाला. आता मी खरंच इथली झाली." सुटका झाल्यासारखं तिच्या आवाजात काही नव्हतं.

रेवा आधी रुसून असायची. मग अब्बांच्या दुकानातल्या पिंजलेल्या कापसात लोळायला लागली. शनिवारी आता किशोर येतो. कधी येतो, कधी दुकानात माल आला म्हणून येत नाही.

दसऱ्यानंतर जिनिंगचं फाटक उघडलं, आणि दर शुक्रवारी आचल तिथं जायला लागली. फुलवंती त्या वर्षीही आली होती. तिची मुलगी आता पळत होती. धारणीकडच्या नर्सशी आचलचं बोलणं असतं, कोणाची कोणती सुई झाली ते दोघी एकमेकींना फोनवर सांगतात. हे त्या दोघींचं आपसातलं आहे, टक्क्यांत कुठे येत नाही.

एप्रिलच्या मीटिंगमध्ये नव्या वर्षाचे आकडे वाटले. सराईपुऱ्याची लोकसंख्या दीड टक्क्यानं वाढून साडेबारा हजार झाली होती. त्या वर्षी आमच्या गल्लीतली आणखी दोन घरं पाडून तिथं खताचं गोदाम झालं होतं, आणि जानराव पुण्याला मुलाकडे गेले होते. आचल घरी आली, तिनं हातपाय धुतले, मला तो आकडा सांगितला आणि रेवाचा पाढा घ्यायला बसली.